नवीन टीव्हीचा आवाज लयच खोल येऊन रायला, काय कराव?

वावरातला_गडी (दर्यापूर तालुका)
राजेहो नमस्कार. कापसाचे पैसे आले तं घरी ४३ इंची टीव्ही आणला, तालुक्याच्या दुकानातूनच घेतला, ऑनलाइनच्या भानगडीत पडलो नाई. चित्र एकदम झकास, त्यात नाव ठेवाले जागा नाई. पण आवाज! आवाज येते, येत नाई असं नाई, पण डब्ब्यात तोंड घालून कोणी बोलून रायला असा येते. पिच्चरमदी गाणं लागलं का मारामारी झाली तं सारं घर हालते आन दोघं जण बोलाले लागले का एक शब्द समजत नाई. मंग रिमोट घ्या, वाढवा, गाणं आलं का कमी करा, रात्रभर हाच धंदा. बाबा म्हणते थो जुना २१ इंची बरा होता, बातम्या तरी समजत होत्या.
दुकानदाराले फोन केला तं थो म्हणे याले साउंडबार (टीव्हीखाली ठेवाचा लांबट स्पीकर) लागते, सात हजारात देतो. आता टीव्हीचेच पैसे मोजून आलो, लगेच सात हजार कुठून काढू? फ्री डिशचा बॉक्स हाये, मोबाइलच्या नेटवर यूट्यूब पण चालते. जुना होम थेटर माळ्यावर पडून हाये, लाल-पांढऱ्या पिनावाला, पण नव्या टीव्हीले त्या पिना लावाची जागाच दिसत नाई. कोणाले काही माहीत असन तं सांगा.

मेहकरी_मिरची
विकताना म्हणते डॉल्बी हाये भाऊ, थेटरसारखा आवाज, आन घरी आला का म्हणते साउंडबार घ्या. म्हणजे बैल घेतला आन शिंगं वेगळे विकत घ्या. त्याले म्हणा आधीच काऊन नाई सांगतलं?

पुसदकर
सेटिंगमध्ये जा, साउंड, मग साउंड मोड. कंपनीतून येतो तेव्हा बहुतेक स्टँडर्डवर असतो. 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'स्पीच' किंवा 'न्यूज' असं काही असेल ते लावून बघा. आमच्याकडे एवढ्यानेच अर्धं काम झालं.

डिश_रिपेअर (मूर्तिजापूर)
गडी भाऊ, पैसे खर्च कराच्या आधी दुखणं कुठं हाये थे पाहा. मी गावोगाव हेच काम करतो, दहा घरी गेलो तं आवाजाचा रोग चार जागचा निघते.

पहिले एक करा. डिशवर बातम्याचा चॅनल लावा, नुसता माणूस बसून बोलून रायला असा. थो साफ समजते का? समजत असन आन फक्त पिच्चरमदी समजत नसन, तं टीव्ही बरा हाये, भानगड पिच्चरच्या आवाजाची हाये, त्याचं पुढं सांगतो. बातम्या पण घोगऱ्या येत असन तं टीव्हीची सेटिंग, ठेवाची जागा नाईतर खोली.

दुसरं, डिशच्या बॉक्सले सोताचा वेगळा आवाज असते, त्याचा रिमोट वेगळा. बऱ्याच घरी बॉक्सचा आवाज अर्ध्यावर असते आन टीव्ही पुरा वाढवलेला. मंग टीव्ही त्या बारीक आवाजाले ताणते आन खरखर पण संगच वाढते. बॉक्सचा आवाज जवळपास पुरा करा आन कमी-जास्त फक्त टीव्हीच्या रिमोटनं करा.

तिसरं, बॉक्स कोणत्या वायरनं जोडला? जुनी पिवळी-लाल-पांढरी पिन असन तं नव्या टीव्हीत त्याले एकच बारीक गोल छेद असते आन संग एक जोडणी वायर येते. थे वायर टीव्हीसंगचीच वापरा. बाजारातली दिसाले सेम असते पण आतमदी कोणता तार कोणाचा याचा क्रम वेगळा असू शकते, मंग चित्राचा तार आवाजात घुसते आन भुर्रर्र आवाज येते. बॉक्सले एचडीएमआय (चित्र-आवाज एकाच वायरनं) असन तं तेच लावा आन या साऱ्यातून मोकळे व्हा.

चौथं, 'ऑटो व्हॉल्यूम' नाईतर 'नाइट मोड' असं काही सापडते का पाहा. थे लावलं का गाण्याचा भडका दबते आन बोलणं वर येते. संगीत आयकाले बेचव लागते पण बाबाले सिरियल पाहाची असन तं तेच पाहिजे.

वावरातला_गडी
बातम्या लावून पाह्यल्या. पिच्चरपेक्षा बऱ्या हाये पण घोगऱ्याच. बॉक्सचा आवाज खरंच कमी होता, वाढवला, थोडा फरक पडला. साउंड मोड स्टँडर्डवरच होता, 'क्लिअर व्हॉइस' लावला तं बोलणं जरा पुढं आलं. पण बाबा अजून म्हणतेच समजत नाई.

झाडीपट्टी_साउंडवाला (वडसा)
नमस्कार जी. मी नाटकाच्या मंडळीसंग साउंड करतो, दिवाळीपासून होळीपर्यंत रोज रात्री एका गावात, आता सीझन संपला म्हणून मोकळा आहो. टीव्हीचा विषय निघाला तर थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक वॅट पाहून फसतात.

जुना डबा टीव्ही होता ना जी, त्याच्या खोक्यात हवा भरपूर होती आणि स्पीकर समोर, तुमच्या तोंडाकडे. नवीन टीव्ही दोन बोटं जाडीचा. त्यात स्पीकर बसवाले जागाच नाही, म्हणून बारके लांबट स्पीकर खालच्या कडेले लावतात, तोंड जमिनीकडे नाहीतर मागच्या भिंतीकडे. म्हणजे तुमच्याकडे येणारा आवाज आधी टेबलावर नाहीतर भिंतीवर आपटून येतो. माणसाच्या बोलण्यात स, श, त, क, फ ही जी व्यंजनं आहेत, ज्याच्यावरून आपल्याले 'सात' म्हटलं का 'हात' हे कळते, ती साधारण २००० ते ४००० हर्ट्‌झ आणि त्याच्याही वर राहतात (म्हणजे सेकंदाले तेवढी कंपनं, जितकी जास्त तितका आवाज बारीक, उंच पट्टीचा) आणि असा बारीक आवाज सरळ रेषेत चालतो. समोर अडथळा आला, स्पीकरचं तोंड दुसरीकडे असलं, की पहिले तोच मरतो. जाड आवाज वळसा घालून येतो. म्हणून तुम्हाले आवाज ऐकू येते पण शब्द कळत नाही. नाटकात आमचंही हेच दुखणं, मागच्या रांगेतला माणूस ओरडतो 'आवाज वाढवा', आम्ही वाढवत नाही, बेस (जाड आवाज) कमी करतो, लगेच शब्द मोकळे होतात.

तेच टीव्हीत करा. साउंडमध्ये इक्वलायझर (जाड-बारीक आवाज वेगवेगळा कमी-जास्त करायची सोय) असेल, बहुतेक पाच पट्ट्यांचा. १०० आणि ३०० हर्ट्‌झच्या पट्ट्या दोन-तीन घर खाली, १ आणि ३ किलोहर्ट्‌झच्या दोन-तीन घर वर. १० किलोहर्ट्‌झची राहू द्या जशी आहे तशी. फक्त बेस आणि ट्रेबल असेल तर बेस उतरवा, ट्रेबल (बारीक आवाज) थोडा चढवा. आणि 'सराउंड' नावाचं जे काही असेल ते बंद. ते आवाज खोलीभर पसरवते आणि बोलणं पातळ करते.

वॅटचं सांगतो. तुमच्या टीव्हीवर २० वॅट लिहिलं असेल, म्हणजे १० चे दोन. दुकानदार म्हणेल ४० वॅटवाला घ्या, दुप्पट आवाज. दुप्पट वॅटले आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो जी, कानाले जेमतेम समजते. कानाले दुप्पट वाटाले साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. आणि खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) लिहून हजारो वॅट छापलं असेल तर तिकडे पाहूच नका, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट, किती ते विचारा.

मेहकरी_मिरची
आन थे डॉल्बीचं स्टिकर?

झाडीपट्टी_साउंडवाला
स्टिकर खोटं नाही जी. त्या प्रकारचा आवाज आला तर टीव्हीले तो उलगडता येते एवढाच त्याचा अर्थ. डॉल्बी ॲटमॉस २०१२ मध्ये सिनेमा थेटरसाठी निघालं, तिथं छतावरही स्पीकर टांगलेले असतात. तुमच्या टीव्हीत स्पीकर दोनच.

पुसदकर
पिक्चरमधलं बोलणं दबतं त्याचं कारणही तेच आहे का? ओटीटीवर तर फारच होतं.

झाडीपट्टी_साउंडवाला
होय. पिक्चरचा आवाज बहुतेक ५.१ मध्ये बनवतात. समोर डावा, उजवा, मधला, मागं दोन आणि एक बेसचा. बोलणं जवळपास सगळं मधल्यात. तुमच्याकडे मधला स्पीकरच नाही, म्हणून टीव्ही त्याले डाव्या-उजव्यात वाटून टाकते आणि त्याच डाव्या-उजव्यात गाणं, गाड्या, पाऊस, मागचेही आवाज येऊन बसतात. ॲपमध्ये भाषा निवडता तिथं काही वेळा दोन पर्याय दिसतात, 'हिंदी' आणि 'हिंदी ५.१'. साधा वाला घ्या.

आर्वीची_सून
भाऊ एक विचारू का, सगळे टीव्हीच्या आत घुसले आहेत पण मे महिना चालू आहे, घरात कूलर कुठं आहे? आणि बाबांची खाट कुठं?

वावरातला_गडी
ताई कूलर खिडकीत, लोखंडी, मोठा. बाबाची खाट खिडकीपाशीच, हवा पाहिजे ना. टीव्ही समोरच्या भिंतीच्या शोकेसमदी. काऊन?

आर्वीची_सून
मग बाबांचं काहीच चुकत नाही. कूलरचा पंखा कानाच्या दोन हातांवर घरघरतो आणि टीव्ही बारा फुटांवर, तोही शोकेसच्या कप्प्यात. तुम्ही बातम्या लावून पाहिल्या तेव्हा कूलर चालू होता का बंद? आमच्याकडे सासरे मार्चपर्यंत सगळं नीट ऐकायचे आणि एप्रिल लागला की टीव्ही बिघडला म्हणून ओरड. आम्ही खाट कूलरच्या थेट समोरून काढून बाजूच्या भिंतीला लावली, टीव्ही खाटेच्या जवळ आणला, संध्याकाळी स्पीड एक घर कमी करतो, एवढंच.

दुसरं, मी रुग्णालयात काम करते म्हणून सांगते. वय झाल्यावर आधी बारीक आवाजाचंच ऐकणं कमी होतं, तेच जे वडशाचे भाऊ सांगत आहेत. 'आवाज येतो पण शब्द समजत नाही' हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. कधी नुसता मळ साचलेला असतो, तो काढला की माणूस स्वतःच दचकतो एवढं ऐकू येतं. एकदा कान दाखवून घ्या, जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाचे डॉक्टर असतात. गरम तेल, काडी, चाबी यातलं काही कानात घालू नका. मशीन लागलंच आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल तर राष्ट्रीय वयोश्री योजनेत ६० वर्षांच्या पुढच्यांना कानाचं मशीन फुकट मिळतं, २०१७ पासून आहे ती योजना, त्याची शिबिरं होतात तेव्हा नाव द्यायचं.

मेहकरी_मिरची
ताईनं एका प्रश्नात साऱ्याईची हवा काढली 😄

डिश_रिपेअर
शोकेस म्हटलं तं थे पण आयका. लाकडाच्या कप्प्यात टीव्ही आत ढकलून ठेवला का खालून निघणारा आवाज कप्प्यातच घुमते, घोगरा येते थो त्याचाच. टीव्ही कप्प्याच्या काठाले आणा, स्टँड शोकेसच्या कडेले टेकला पाहिजे, मांग मोकळी जागा ठेवा. आन खाली क्रोशाचा रुमाल टाकला असन तं काढा, लोकं हौसेनं टाकते आन स्पीकरचं तोंड बुजवते. एका घरी तं नव्या टीव्हीचं पारदर्शक प्लास्टिक सुद्धा खालून काढलं नवतं, धूळ बसन म्हणून.

वर टीन हाये का स्लॅब?

वावरातला_गडी
टीनच हाये भाऊ. खाली फरशी, भिंती सिमेंटच्या.

झाडीपट्टी_साउंडवाला
मग खोलीच्या मधात उभे राहून एक जोरात टाळी वाजवा. मागून 'टण्ण' असा झणकारा आला तर खोली बोलते. टीव्हीतला एक शब्द संपायच्या आधी त्याचाच पडसाद दुसऱ्यावर येऊन पडते. टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर, म्हणजे तुमच्या पाठीमागं, जाड गोधडी नाहीतर सतरंजी टांगा, भिंतीपासून चार बोटं सोडून. खाली दरी अंथरा. घरात गादी, कपडे, पोती असली की आवाज आपोआप बसते. लग्नाच्या रिकाम्या हॉलमध्ये आणि माणसानं भरलेल्या हॉलमध्ये मी एकच सिस्टम लावतो, रिकाम्यात काही समजत नाही.

नागपूरवाला_पाहुणा
एवढी गोधडी टांगण्यापेक्षा सरळ साउंडबार घ्या ना राव. मी घेतला, एक वायर लावली, संपला विषय. किती दिवस जुगाड करणार?

मेहकरी_मिरची
पाहुणे, कापसाचा भाव पाह्यला का यंदा?

नागपूरवाला_पाहुणा
बरं बाबा, चिडू नका. पण ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. टीव्हीच्या मागे एचडीएमआयचे दोन-तीन पोर्ट असतात, पण साउंडबारला आवाज देणारा एकच, त्याच्यापाशी 'एआरसी' लिहिलेलं असतं. बारच्या बाजूलाही एआरसीवालाच. मग टीव्हीत सीईसी (एका रिमोटने दोन्ही चालवायची सोय) चालू करायचं, नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं, सॅमसंगमध्ये अ‍ॅनीनेट प्लस, एलजीत सिमलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. मग टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होतो. घेताना मधला स्पीकर असलेला घ्या, खोक्यावर ३.१ किंवा ५.१ लिहिलं असेल. बोलणं ऐकायचं असेल तर दणदणीत वूफरवाल्या २.१ पेक्षा तो कामाचा.

चिमूरचा_पोट्टा
माझ्याकडे ब्लूटूथचा स्पीकर हाये, तो जोडला तर? बोलणं मागून येते, ओठ आधी हालते.

डिश_रिपेअर
ब्लूटूथले आवाज पोचवाले येळ लागते, त्याले इलाज कमीच. सेटिंगमदी एव्ही सिंक (चित्र-आवाज जुळवाची सोय) असते पण बहुतेक टीव्हीत त्यानं आवाज मांग ढकलता येते, पुढं आणता येत नाई, आन तुमचा आवाज आधीच मांग हाये. गाणे आयकाले ठीक. स्पीकरले वायरची पिन असन तं वायर लावा.

वावरातला_गडी
राजेहो, पाह्यलं सारं करून. टीव्ही काठाले आणला, खाली खरंच रुमाल होता, आईनं टाकला होता, काढला. इक्वलायझर सांगतल्यासारखा केला. मांगच्या भिंतीले गोधडी टांगली, आई म्हणे घराचा तमाशा केला पण टाळी मारली तं झणकारा अर्धा झाला. बाबाची खाट कोपऱ्यात घेतली. बोलणं आता समजते, रिमोट हातात धरून बसा लागत नाई. बाबाचे कान पण दाखवणार हाओ, ताईचं म्हणणं पटलं.
आता होम थेटरचं सांगा, थो फुकट पडून हाये.

डिश_रिपेअर
टीव्हीच्या मांग 'ऑप्टिकल' असं लिहिलेला चौकोनी छेद असन, बारीक झाकण लावलेला, टीव्ही चालू केला का आत लाल उजेड दिसते. त्या छेदातून होम थेटरच्या लाल-पांढऱ्या पिनाले आवाज द्यासाठी एक डबी येते, काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, दुकानात 'ऑप्टिकल टू आरसीए कन्व्हर्टर' म्हणा नाईतर डॅक म्हणा, पाचशेच्या आत-बाहेर भेटते. ऑप्टिकल वायरच्या दोन्ही टोकाले प्लास्टिकच्या बारक्या टोप्या असते, थ्या काढा, न काढता घुसवून लोकं मले फोन करते. वायर जोरात वाकवू नका, आत काचेसारखा पारदर्शक दोरा असते.
मंग टीव्हीत साउंड आउटपुट 'ऑप्टिकल' आन डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (साधा, न दाबलेला आवाज) करा. ऑटोवर नाईतर डॉल्बीवर राह्यलं तं स्वस्तातल्या डबीले थे उलगडता येत नाई, मंग आवाज मुका नाईतर खर्रर्र. आन आवाज कमी-जास्त होम थेटरच्याच बटनानं होईन, बऱ्याच टीव्हीत रिमोटनं होत नाई.

वावरातला_गडी
डबी आणली अमरावतीहून, पोट्ट्याले सांगतली होती. लावली, पीसीएम केलं, वाजते मस्त. पण एक, मांगून सारखी हूंऽऽ अशी घरघर येते, गाणं थांबलं का चांगली आयकू येते.

झाडीपट्टी_साउंडवाला
हम्म म्हणतात त्याले जी, ५० हर्ट्‌झचा, लाइनचाच. डबीले करंट कुठून दिला, टीव्हीच्या यूएसबीतून ना? ऑप्टिकल वायरमधून वीज जात नाही, तिथून हम्म येऊ शकत नाही, पण यूएसबीच्या वायरनं टीव्ही आणि होम थेटर पुन्हा एकमेकाले जोडले गेले. डबीले मोबाइलचा वेगळा दोन पिनचा चार्जर द्या, ५ व्होल्टचा. तरी राहिला तर होम थेटरची तीन पिन जिथं लावली तिथं अर्थिंग आहे का ते पाहून घ्या. बऱ्याच घरी बोर्डात तिसरं छेद असते, मागं तार नसते.

वावरातला_गडी
चार्जरनं गेली घरघर! पूर्ण गेली. अर्थिंग नसनच आमच्या इथी, मोटरीवाल्याले विचारतो.

डिश_रिपेअर
अर्थिंग करूनच घ्या, कोळसा-मीठ टाकून, फक्त टीव्हीसाठी नाई. आन टीव्हीले कमी व्होल्टेजचं भेव नाई, आतली सप्लाय बहुतेक १०० ते २४० वर चालते, भेव हाये न्यूट्रल (करंट परत जाणारी तार) तुटाचं, तवा एकदम ४०० व्होल्टपर्यंत जाऊ शकते.

कापूस_ते_कपडा (हिंगणघाट)
धागा उशिरा पाहिला. आमचा टीव्ही नवीनच आहे पण ठराविक आवाजावर उजव्या बाजूला फर्रफर्र होते. हेही सेटिंगचं का?

डिश_रिपेअर
नाई, थे सेटिंगचं नसन. पहिले शोकेसची काच, भिंतीचं ब्रॅकेट, मांगचा पत्रा हातानं दाबून पाहा, दाबल्यावर बंद झालं तं थेच थरथरून रायलं. नाई झालं तं स्पीकरचा पडदा गेला. वॉरंटीत हाये तं सोता खोलू नका, खोलला का कंपनी हात वर करते. फरफर होताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, बिल जपून ठेवा, कस्टमर केअरचा तक्रार नंबर लिहून घ्या. मेकॅनिक येते तवा नेमकं फरफर होत नाई, व्हिडिओ असला का बोलती बंद.

आर्वीची_सून
आणि टाळाटाळ केली तर १९१५ वर फोन लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दुकान कुठलंही असो, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही.

कापूस_ते_कपडा
काच दाबून पाहिली, काच नाही. टीव्हीच्याच आतून येते. व्हिडिओ काढला, उद्या तक्रार टाकतो.